सव्वीस महिन्यांचा डॉन

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात दहावीतली तीन-चार पोरं एका मोबाईलला डोकी लावून बसली होती, मी भाजी घेऊन वर चढत होते, सहज बघितलं तर मन्या सुर्वेचा रील, ज्या गुंडाला १९८२ ला पोलिसांनी गोळ्या घालून मारलं त्याचा. मागे ढोल, सगळं स्लो मोशनमध्ये, खाली मोठ्या अक्षरात "आपला मराठी डॉन". त्यातल्या एकाने तर तोच फोटो स्टेटसला ठेवलेला. मी विचारलं, अरे हा कोण होता माहितीये का तुला, तर म्हणाला, काकू तो शिकलेला होता, कीर्ती कॉलेजचा, दाऊदला नडला होता. बास, एवढंच. आणि ११ जानेवारी, तो मेला तो दिवस, जवळ आला की पेपरांतसुद्धा, तुमच्याही, "मुंबईतला पहिला एन्काउंटर" म्हणून तोच फोटो तोच मसाला येतो, म्हणून हे पत्र.

दाऊदला नडला हे खोटं नाही. दाऊदचा भाऊ साबिर याला १२ फेब्रुवारी १९८१ ला प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर मारलं, त्यात मन्या होता. पण ते भांडण पठाण टोळीचं होतं. वैर त्यांचं, फिल्डिंग म्हणजे सापळा त्यांचा आणि घोडा, म्हणजे पिस्तूल, चालवायला आपला कोकणातला पोरगा. त्याच्या आधीही तसंच. पहिल्या खुनात, १९६९ च्या, तो सावत्र भावाबरोबर होता, दादरकडचा तो भाऊ तेव्हाचा नावाजलेला दादा. म्हणजे सुरुवात दुसऱ्याच्या दादागिरीला हात देण्यातूनच झाली. त्यात जन्मठेप लागली, येरवडा, मग रत्नागिरीचा तुरुंग, तिथे उपोषण करून अंगातलं मांस गेलं, हॉस्पिटलात नेलं आणि तिथून १४ नोव्हेंबर १९७९ ला पळाला. ११ जानेवारी १९८२ ला दुपारी वडाळ्याला आंबेडकर कॉलेजजवळ टॅक्सीतून उतरला आणि इसाक बागवान, राजा तांबट या पोलीस अधिकाऱ्यांच्या टीमने त्याला गाठून गोळ्या घातल्या. वय असेल सदतीस.

आता तारखा मोजा. पळाल्यापासून मरेपर्यंत सव्वीस महिनेसुद्धा भरत नाहीत. त्याआधीची दहाएक वर्षं, माणसाची ऐन उमेदीची, गजाआड गेली, त्याचा रील कोणी बनवत नाही. आणि त्या सव्वीस महिन्यांत केलं काय तर करी रोडला लूट, सायनला बँक, आणि गोवंडीला सरकारी दूध योजनेची रोकड. ही दुधाची गोष्ट माझ्या जास्त जिव्हारी लागते. पहाटे चारला उठून कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन आमच्या आया दूध केंद्रावर रांगेत उभ्या राहायच्या, थंडीत पदर डोक्यावरून घेऊन, मोजून सुट्टे पैसे मुठीत धरून. ते पैसे होते ते, ना दाऊदचे ना कुठल्या शेठचे.

आणखी एक तारीख कोणी जोडून बघत नाही. मन्या मेला ११ जानेवारीला आणि बरोबर सात दिवसांनी, १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, मी तेव्हा शाळेत. पहिले दोन-तीन महिने उत्साह होता, मग गावाहून तांदूळ येईनासे झाले, मग आईची पाटली गेली, मग पोरांच्या शाळा सुटल्या. आणि त्याच पोरांना टोळ्यांनी उचललं. कोणाला कोपऱ्यावर उभं राहून पोलीस आले की शिट्टी मारायचं काम, कोणाला हप्ता गोळा करायचं, ज्याचा हात थरथरत नाही त्याला पुढचं. असे फंटर, म्हणजे टोळीची हलकी कामं करणारी पोरं, आमच्या लालबाग-परळमध्ये प्रत्येक चाळीत निघाले, अतिशयोक्ती नाही करत मी.

आमच्या मजल्यावरचा एक होता, नाव नाही लिहीत, त्याची बहीण आहे अजून. चाळीच्या खाली एका मावशीची खाणावळ होती, संपात तिने कितीतरी जणांना उधारीवर जेवू घातलं, हाही तिथेच जेवून मोठा झाला. चारेक वर्षांनी एका संध्याकाळी तोच तिच्याकडे हप्ता मागायला आला. मी पाण्याची कळशी घेऊन उभी होते. मावशीने आधी ताट वाढलं, तो उभाच राहिला, भाईने सांगितलंय म्हणाला, तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. तिने गल्ल्याखालचा डबा उघडून नोटा दिल्या आणि ताट तसंच राहिलं. पुढे तो पोलिसांच्या गोळीने गेला, पंचविशीचाही नव्हता. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं म्हणून माझे वडील तिच्याबरोबर सामान आणायला गेले. एक कंगवा, एक घड्याळ आणि लोकलचा सेकंड क्लासचा पास. ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या भाईकडून कोणी आलं नाही.

आणि ही शूटर मंडळी कोणाच्या कामी आली ते तरी बघा. ७ मे १९९४ ला गिरणीमालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला गाडीत गोळ्या घातल्या. १६ जानेवारी १९९७ ला डॉक्टर दत्ता सामंतांना पवईत घराजवळ. मालक गेला, कामगारांचा नेताही गेला, आणि गिरण्यांच्या ज्या जमिनींवरून हे रक्त सांडत होतं तिथे आज मॉल आणि टॉवर उभे आहेत. ज्यांच्या बापांनी तिथे हयात घालवली त्यांच्याच पोरांच्या हातात बंदुका दिल्या होत्या आणि ती पोरं एन्काउंटरमध्ये नाहीतर दुसऱ्या टोळीच्या हातून गेली. मराठी डॉन म्हणून छाती फुगवायची तर मेले कोण हे पण बोला ना, खाणावळवाल्या मावशीने पैसे दिले ते कुठल्या भाषेत रडत दिले?

माझं एवढंच मागणं आहे की पुढच्या ११ जानेवारीला लिहायचंच असेल तर रत्नागिरीच्या तुरुंगातलं लिहा, दूध योजनेच्या पैशांचं लिहा, तो गॉगलवाला फोटो आणि सिनेमातले डायलॉग नकोत. आणि १८ जानेवारीला गिरणी कामगारांसाठी तेवढीच जागा ठेवा, अजून कितीतरी जण घराच्या लॉटरीची वाट बघतायत.

जिन्यातल्या त्या पोरांना मी रविवारी घरी बोलावलंय. वडिलांचा गिरणीतला पितळी बिल्ला अजून आहे माझ्याकडे, तो दाखवणार आहे. येतो म्हणालेत.

आपली,
एका साचेवाल्याची मुलगी, लालबाग