गुंतवणूकदाराला साठ्याचा खरा हिशेब हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातील तरुणांनी नोकरीच्या मागे न लागता उद्योग काढावेत, असे व्यासपीठांवरून वरचेवर सांगितले जाते. परंतु त्या उद्योगात बँकेखेरीज कोणाचा पैसा येतो आणि देणारा तो कशाच्या भरवशावर देतो, याची चर्चा फारशी होत नाही. लातूर, जालना, नांदेडकडे नव्या उद्योगाचे पहिले गुंतवणूकदार बहुधा मामा, मेहुणे, गावातले डॉक्टर, निवृत्त गुरुजी आणि ओळखीचे आडते असतात. हा पैसा ओळखीवर मिळतो. मात्र ओळखीने माणसाची खात्री पटते, त्याच्या धंद्याची पटत नाही, आणि हा फरक दोन्ही बाजूंना पहिला तोटा होतो तेव्हाच कळतो.

सोयाबीनचेच पाहा. २०२१ च्या पावसाळ्यात क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेलेले सोयाबीन २०२४ च्या हंगामात बाजारात ४,८९२ रुपयांच्या हमीभावानेही विकले जाईना. अशा चढउतारात भाव वाढेल या आशेने माल भरून ठेवणाऱ्या प्रक्रिया उद्योजकाच्या गोदामातील साठ्याचे मोल रोज घटत जाते. लेखाशास्त्राचा नियम असा की, शिल्लक मालाची खरेदी किंमत आणि तो विकून प्रत्यक्ष हाती पडेल ती किंमत, यांपैकी कमी असलेली ताळेबंदात धरावी. पाच हजारांनी घेतलेला हजार क्विंटल माल आज चार हजार दोनशेनेच जाणार असेल, तर तो विकलेला नसला तरी आठ लाखांचा तोटा कागदावर दिसलाच पाहिजे. “भाव सुधारेल हो साहेब, तोवर खरेदीच्या दरानेच धरा,” अशी गळ दर मार्चअखेरीस आम्हा लेखापालांना घातली जाते. गळ घालणारा लबाडच असतो असे नाही. मामाला काय तोंड दाखवायचे, ही त्याची धास्ती असते. पण तेच आठ लाख पुढच्या वर्षी उघडे पडले की मामाचा आधीच्या एकाही आकड्यावर विश्वास राहत नाही. याउलट, गोदामात किती पोती आहेत व कोणत्या दराची, आजचा बाजारभाव काय, उधारी कोणाकडे आणि किती दिवसांची, बँकेत शिल्लक किती, एवढे एका पानावर दरमहा कळवणाऱ्यांना तोट्याच्या वर्षानंतरही त्याच मंडळींनी भांडवल दिल्याचे मी पाहिले आहे.

गुंतवणूकदारांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. अलीकडे बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत पतसंस्था व मल्टिस्टेटमध्ये (एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थांत) ठेवीदारांचे पैसे अडकल्यापासून लोक ताकही फुंकून पितात, हे समजण्यासारखे आहे. तरीही भागभांडवल म्हणून दिलेल्या रकमेवर दरमहा ठरावीक व्याज मागणे, किंवा मुलीचे लग्न ठरले म्हणून ऐन खरेदीच्या हंगामात ती परत मागणे, हा भागीदाराचा व्यवहार नव्हे. वाईट बातमी सांगणाऱ्याला चारचौघांत फैलावर घेतले, तर पुढच्या खेपेस तो ती दडवणारच.

व्यवहार कागदावर आणणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हा आपल्याकडचा समजही सोडायला हवा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४२ नुसार खासगीरीत्या भाग (शेअर) देताना आलेली रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते आणि साठ दिवसांत भाग द्यावे लागतात. ते न दिल्यास पुढच्या पंधरा दिवसांत पैसे परत करणे बंधनकारक आहे. तोंडी ठरलेले हातउसने आणि भागभांडवल यांची सरमिसळ झाली की उद्या सख्खे नातलगही “मी तर कर्ज दिले होते” म्हणून उभे राहतात.

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरलाच आहे. बँकेसाठी प्रकल्प अहवाल तयार करायला तरुण लवकर शिकतात. बँकेबाहेरच्या गुंतवणूकदाराला दरमहा हिशेब कसा द्यावा, यासाठीही या केंद्राने आणि जिल्हा उद्योग केंद्रांनी आपल्या प्रशिक्षणात किमान एक सत्र राखून ठेवावे आणि त्यात काल्पनिक आकड्यांऐवजी येथील डाळमिल, तेलमिल व शेतकरी उत्पादक कंपन्यांचे ताळेबंद वापरावेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक सनदी लेखापाल, लातूर