गाठी मारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर ‘अहो, काय हे’ म्हणत तुम्ही ते मापांच्या वहीत सारलं असतं आणि विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. शिवाय केस दान करणाऱ्या माणसांनीही हे वाचावं असं मला वाटतं. त्यांचे फोटो आपण बघतो, कापलेली वेणी हातात धरून हसणारे. ते दिसायलाच हवेत. वर्षानुवर्षं वाढवलेले केस एका दुपारी देऊन टाकायचे, ही काही साधी गोष्ट नाही. पण वेणी पाकिटात गेल्यापासून विग कुणाच्या तरी डोक्यावर चढेपर्यंत मध्ये जे घडतं, त्याचा फोटो कुणी काढत नाही. तिथे तुम्ही बसलेल्या असता, मान खाली घालून, भिंगाच्या दिव्याखाली.

केमो ठरली तेव्हा डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं. ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कॅन्सरच्या पेशी तशा, आणि केसांच्या मुळातल्याही तशाच. डोक्यावरचे जवळजवळ ९० टक्के केस कुठल्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात, त्यामुळे गळायला लागले की मूठमूठ गळतात. प्रत्येक केमोने ते जातातच असं नाही, पण माझ्या औषधांनी जाणार होते, आणि तेही पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत. एवढं मला पाठ झालं होतं. त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याचं एकच पालुपद, ‘केसच ना, येतील परत!’ म्हणणं खोटं नव्हतं. पण आपण आजारी आहोत हे कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे तोवर माझ्या हातात होतं. आता मी तोंड उघडायच्या आधी डोकंच सांगून मोकळं होणार होतं. मला रडू येत होतं ते याचं, आणि ते समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

तुम्हाला फोन केला तो नुसत्या चौकशीपुरता. केस गेले की येईन, म्हणाले. तुम्ही म्हणालात, ‘केस आहेत तोवर या. गेल्यावर मी काय बघू?’

आले. तुम्ही खुर्चीत बसवलंत, केस चापून बसवलेत आणि डबे झाकायला वापरतात तसलं पातळ प्लास्टिक माझ्या डोक्याभोवती घट्ट गुंडाळलंत. त्यावर चिकटपट्टीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या, टोपी कडक होईपर्यंत. मग मार्कर घेऊन कपाळावरून, कानांमागून, मानेवरून माझ्या केसांची कड काढलीत. ‘डावीकडे जरा आत गेलीय बघा.’ इतकी वर्षं आरसा बघतेय, मला कधी दिसलं नव्हतं. भांगाची रेघ काढलीत. मग भोवरा बोटाने चाचपलात आणि केस कुठल्या बाजूने फिरतात त्याचा बाण काढलात. टोपी अलगद उतरवून माझ्यासमोर धरलीत आणि म्हणालात, ‘आता बाकीचं जाऊ दे. हे माझ्याकडे राहिलं.’

निघताना भुवयांचा एक जवळून फोटो काढायला लावलात. त्याही जाऊ शकतात, आणि मग पेन्सिलने काढायला बसलं की आपलीच भुवई आपल्याला आठवत नाही, हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. पुढे त्या फोटोने मला फार सांभाळलं.

त्यानंतर हॉस्पिटलमधून परतताना तुमच्या खोलीत डोकावायची सवयच लागली. उठून जा, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, आणि कसं वाटतंय असंही सारखं विचारलं नाहीत. कामाला लागायचात. मी बघत बसायची.

पाकिटं उघडण्यापासून सुरुवात. निम्मं काम निवडण्याचंच असतं, हे मला तिथे कळलं. एका वेणीत सगळे केस सारख्या लांबीचे कुठे असतात? खिळ्यांसारखे पोलादी दात उभे केलेल्या फळीवरून तुम्ही जुडगा ओढलात की आखूड केस गळून वेगळे व्हायचे, आणि भरगच्च दिसणारी वेणी बघता बघता बारीक व्हायची. एका विगला सहा ते दहा जणांचे केस का लागतात, ते तेव्हा समजलं. त्यांतही पोत आणि रंग जुळवायचा. खिडकीजवळ उन्हात नेऊन तुम्ही दोन जुडगे शेजारी धरायचात. माझ्या डोळ्यांना दोन्ही काळेच, तुम्ही मात्र ‘हा तांबूस आहे’ म्हणून बाजूला ठेवायचात.

आणि मुळं-टोकांचं प्रकरण! केसाच्या बाहेरच्या थरावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, सगळे मुळाकडून टोकाकडे उतरते. शेजारचा केस उलटा लागला की खवल्यांत खवले अडकतात आणि विगचा गुंता होतो, कंगव्याने न सुटणारा. म्हणून पाकिटात नुसते कोंबलेले, जमिनीवरून गोळा केलेले केस तुमच्या काही कामाचे नसतात, कितीही सुंदर असले तरी. असं पाकीट उघडलं की तुम्ही काही बोलायचा नाहीत, फक्त चष्मा काढून पुसायचात.

म्हणून तुमच्या वतीने आगाऊपणा करते आणि दान करणाऱ्यांना दोन शब्द सांगते. केस धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओले बांधून पाठवले तर बुरशी येते, आणि मग सगळी वेणी टाकूनच द्यावी लागते. एकच जाड पोनी बांधण्यापेक्षा डोक्यावर चार-सहा छोट्या पोन्या बांधा, म्हणजे प्रत्येक भागाची पूर्ण लांबी मिळते. रबर आधी, कात्री नंतर, आणि कापायचं ते रबराच्या वर, डोक्याच्या बाजूला. दुसऱ्या टोकालाही रबर लावा. बहुतेक ठिकाणी किमान १० ते १२ इंच मागतात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण मुळाकडचा थोडा भाग गाठीत दुमडून जातो, नंतर विगला आकार देतानाही कात्री लागते, तेव्हा १२ इंचांतून १२ इंच हाती येत नाहीत. ब्लीच केलेले केस पुढच्या प्रक्रियेत टिकत नाहीत. रंगवलेले, पांढरे चालतात की नाही हे ज्या त्या संस्थेवर आहे, कापण्याआधी विचारून घ्या. केस महिन्याला सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर वाढतात. १२ इंचांना दोन-अडीच वर्षं. एवढ्या सबुरीचं मोल एका रबराअभावी जाऊ नये, इतकंच.

मला खिळवून ठेवलं ते गाठींनी. लाकडी डोक्यावर ताणलेली बारीक जाळी, आणि हातात टोकाला सूक्ष्म आकडा असलेली सुई. केस दुमडायचा, आकडा जाळीच्या घरातून घालून केसाला धरायचं, बाहेर ओढायचं, पीळ देऊन गाठ आवळायची. झाली एक. मागच्या बाजूला एका गाठीत तीन-चार केस चालतात. कपाळाच्या कडेला मात्र एकेकच, नाहीतर कपाळावर केस उगवल्यासारखे न दिसता चिकटवल्यासारखे दिसतात. गाठ ज्या बाजूला आवळाल त्या बाजूला केस पडतो, म्हणून भोवऱ्यापाशी प्रत्येक गाठीची दिशा थोडी थोडी फिरवत न्यायची. संबंध विग हाताने बांधायला कित्येक आठवडे लागतात. एकदा सुई माझ्या हातात दिलीत. गाठ पडली, पण केसाला नाही, जाळीलाच. तुम्ही न हसता ती सोडवलीत. (हसला होतात. दिव्याच्या आड वाकला होतात म्हणून मला दिसलं नाही, असं तुम्हाला वाटतं.)

‘केस कमी पडत नाहीत हो,’ तुम्ही एकदा बोलून गेलात, ‘हात कमी पडतात.’ दान म्हणून आलेले केस फुकट असतात. जाळी, सुई, दिवा, जागा आणि गाठी मारणाऱ्या बाईचे आठवडे फुकट नसतात. केस द्यायची ज्यांची इच्छा आहे पण लांबी नाही, त्यांनी हेही ध्यानात घ्यावं. विग बनवणाऱ्या संस्थांना वेणीइतकीच पैशांची आणि माणसांची गरज असते, पण पैसे पाठवल्याचा फोटो काही बघण्यासारखा येत नाही.

त्याच खोलीत ती शाळकरी मुलगी भेटली. तिला कॅन्सर नव्हता. चाई पडत पडत डोक्यावरचे सगळेच केस गेले होते. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उठते, त्याला कुणाचा इलाज नाही असं नाही, पण परत येतील की नाही आणि आले तर टिकतील की नाही, याची हमी कुणी देत नाही. माझा विग काही महिन्यांचा पाहुणा होता. तिला तो घालून शाळेत जायचं होतं, पळायचं होतं, भांडायचं होतं. तुम्ही विग बसवलात आणि आरसा पुढे केलात. तिने आरशाकडे पाहिलंच नाही. आधी खाली वाकून डोकं गदागदा हलवलं, मग उड्या मारल्या, मग आईला म्हणाली, ‘ओढ.’ आई ओढेना. ‘ओढ ना! शाळेत ओढणारच आहेत.’ तुम्ही पुढे होऊन चांगला हिसका दिलात. तो जागचा हलला नाही, तेव्हा कुठे बाईसाहेब आरशात बघायला तयार झाल्या. मूल वाढतं तसं डोकंही वाढतं, तेव्हा तिला नवा लागणार, आणि मग त्याच्या नंतरचाही. इतक्या वेण्या कुठून येतात हे मला माहीत आहे. इतका धीर तुमच्याकडे कुठून येतो हे अजून कळलेलं नाही.

तुमच्या खरेपणाबद्दलही आभार. खऱ्या केसांचा विग म्हणजे सगळ्यात भारी, असा माझा समज होता. तुम्ही सरळ सांगितलंत की त्याला टाळूचं तेल मिळत नाही, तो कोरडा पडतो, मानेपाशी गुंततो. कोमट पाण्यात, न चोळता धुवा, टोकांकडून वर विंचरत या. घाईच्या दिवसांसाठी साधा कृत्रिम धाग्याचा ठेवा, हलका असतो आणि धुतला तरी आकार धरून राहतो, फक्त गॅसच्या धगीपाशी नेऊ नका. टाळू हुळहुळी असेल तेव्हा मऊ सुती रुमाल बांधा. आणि काहीच नको वाटलं तर काहीच घालू नका. स्वतः इतक्या गाठी मारून झाल्यावर ‘नाही घातलात तरी चालेल’ असं म्हणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आमच्याबरोबर केमोला बसणारी एक मैत्रीण शेवटपर्यंत तशीच वावरली, मोठाले कानातले घालून, आणि झकास दिसायची. मला ते झेपलं नसतं. तुम्ही आम्हा दोघींनाही शहाण्यात काढलंत.

विग पहिल्यांदा घालून कामावर गेले तेव्हा दाराशी बसणारी बाई म्हणाली, ‘केस कापलेत वाटतं, छान दिसतायत.’ मी ‘हो’ म्हणून पुढे गेले. त्या ‘हो’साठी, ताई. आजाराचं काय सांगायचं नि काय नाही, ते त्या दिवशी परत माझं मी ठरवलं.

ज्या सहा-आठ जणांचे केस माझ्या डोक्यावर होते त्यांची नावं मला कळणार नाहीत. त्यांतला कुणी हे वाचत असेल तर तुमचेही मनापासून आभार. तुमची वेणी चांगल्या हातात पडली होती.

आता माझे स्वतःचे केस आलेत. आधी लव, मग चक्क कुरळे, जन्मात नव्हते असे. केमोनंतर बऱ्याच जणांचं असं होतं आणि पुढे हळूहळू पोत पूर्वीसारखा होतो, म्हणालात. तोवर मजा आहे. विग धुऊन, वाळवून स्टँडवर ठेवलाय. उजव्या कानाच्या वर चार-पाच गाठी सुटल्यात तेवढ्या दुरुस्त केल्यात तर कुणाला तरी मापात बसवून देता येईल का, ते तुम्हीच बघा. पुढच्या आठवड्यात घेऊन येते.

आणि पाकिटं निवडायच्या टेबलाशी एक खुर्ची कायम रिकामी असते ना, तिच्यावर बसायला येतेय. लांबीप्रमाणे जुडगे लावणं मला जमेल, इतके दिवस बघितलंय. सुई मात्र इतक्यात देऊ नका.

तुमची,
डावीकडे जरा आत गेलेली