टर्कीचा डेकॉय आणि आमच्या धुऱ्यावरचा तितर

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी दारव्हा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. पत्र लिहायचं कारण म्हणजे आमच्या गावातले चार-पाच पोट्टे फाल्गुनापासून मोबाईलवर अमेरिकेतल्या टर्कीच्या (तिथला मोठा रानपक्षी) शिकारीचे व्हिडिओ पाहत होते, आणि ते पाहून त्यांनी आपल्याकडं तितर धरायचा धंदा सुरू केला. परवा सकाळी माझ्याच वावराच्या धुऱ्यावर बोरीखाली थर्माकोलचा नकली तितर सापडला, पक्ष्याला फसवून जवळ आणायला ठेवतात तो, ज्याला डेकॉय म्हणतात, रंग मारलेला, वरून खरी पिसं चिकटवलेली, बाजूला तितराचा आवाज काढणारा छोटा ब्लूटूथ स्पीकर आणि चारी बाजूनं नायलॉनच्या दोऱ्याचे फासे. एका फाशात नर अडकला होता. दोरा पायात इतका रुतला होता की ब्लेडनं कापावा लागला. आणि त्या थर्माकोलच्या डोक्याची पार चाळणी झालेली, इतक्या चोची मारल्या होत्या त्यानं. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असंच त्याला वाटलं ना.

माझा चुलत पुतण्या अमेरिकेत मिसुरीला राहतो, लायसन काढून टर्कीची शिकार करतो. त्याला फोन लावला, म्हटलं बाबू हे डेकॉय काय प्रकरण आहे नीट सांग. तो म्हणे काका, कोणता डेकॉय लावायचा हे सिझन पाहून ठरवतात. सुरुवातीला नर भांडायच्या मूडमध्ये असतात तेव्हा एक मादी आणि तिच्याजवळ एक वर्षाचा कोवळा नर, त्याला जेक म्हणतात, असे दोन ठेवायचे, मोठा नर त्या जेकला हाकलायला धावत येतो. जेकचं तोंड आपल्याकडं करायचं, कारण येणारा नर त्याच्या समोरासमोर जाऊन उभा राहतो आणि त्याची पाठ आपल्याकडं होते. पिसारा फुलवलेला मोठा डेकॉय पाहून दोन वर्षाचे नर उलट घाबरून पळतात, म्हणून सिझन संपत आला की नुसती मादी ठेवतात. आणि डेकॉय नेताना झाकून न्यायचा, नाही तर दुसरा शिकारी त्यालाच खरा पक्षी समजून गोळी झाडेल.

हे सगळं त्यांच्याकडं नियमात बसवलेलं आहे. वसंतातल्या शिकारीत दाढीवाला, म्हणजे छातीवर केसांसारखा झुपका असलेला पक्षी, बहुतेक नरच मारायचा, ठरलेल्या दिवसात, ठरलेल्या संख्येत. अलाबामात तर सिझनच्या पहिल्या १० दिवसात डेकॉय लावायलाच बंदी आहे. १९३० च्या आसपास तिथं टर्की जवळपास संपला होता, मग १९३७ साली बंदुका-काडतुसांवरच्या टॅक्सचा पैसा वन्यजीवांसाठी द्यायचा कायदा केला, रानातले पक्षी धरून दुसऱ्या राज्यात सोडले, तेव्हा कुठं आज लाखांनी दिसतात. दुसरं म्हणजे टर्कीचा नर पुष्कळ माद्यांशी जुळतो आणि अंड्यांकडं पाहत नाही, २८ दिवस मादी एकटीच बसते. तो मेला तरी घरटं चालू राहतं.

तितराचं तसं नाही हो. तो जोडीनं राहतो. चैत-वैशाखापासून मादी धुऱ्यावरच्या गवतात जमिनीवर सहा-आठ अंडी घालते आणि नर जवळपास राखण करतो, पिल्लं निघाली की दोघं मिळून फिरवतात. म्हणजे आवाज ऐकून जो भांडायला धावतो तो त्या घरट्याचा राखणदारच असतो. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. हाच पक्षी आमच्या वावरातली वाळवी, किडे टिपून खातो, आता फवारणीचा खर्च पाहता मला तर तो गडीच वाटतो.

पोट्ट्यांना विचारलं तर म्हणे काका, पारधी नाही का धरत होते. अरे, फासेपारध्यांचं पोट त्यावर होतं, आणि त्याच समाजातल्या लोकांनी अकोला-वाशिमकडं तणमोराची, म्हणजे गवताळ माळावरच्या दुर्मिळ पक्ष्याची, घरटी राखली, हे पण सांगा ना. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, फासे लावणं, आमिष दाखवणं, पकडणं सगळं त्यात येतं, अंडी फोडणं पण. गावात हे कोणाला माहीतच नाही.

म्हणून माझी विनंती आहे की वन खात्यानं चैत्र संपायच्या आत आठवडी बाजारात नजर ठेवावी, पिशवीत जिवंत तितर घेऊन बसणारे तिथंच असतात, आणि शाळेत, ग्रामसभेत येऊन पोरांना समजावून सांगावं. कोणाला फासे दिसले तर १९२६ वर फोन करा, वन विभागाची हेल्पलाइन आहे. पोरांवर केस व्हावी असं मला वाटत नाही, ती आपलीच आहेत, पण स्पीकर आणि फासे जप्त व्हायलाच पाहिजेत.

तो नर मी सोडला, लंगडत बोरीच्या आडोशाला गेला. थर्माकोलचा तितर घरी ठेवला आहे, वनरक्षक आले की त्यांच्या हातात देतो.

आपला,
एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ