परतीचा प्रवास आईबाबांचा, बाळासाठी मात्र निरोपाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातून दत्तक घेतलेले बाळ पहिल्यांदा घरी येते, त्या क्षणाची छायाचित्रे वृत्तपत्रांत अधूनमधून प्रसिद्ध होतात. विमानतळाच्या दाराशी फुले, फुगे आणि फलक घेऊन जमलेले नातेवाईक, त्यांच्यासमोर बाळाला उचलून धरणारे आईबाबा आणि खाली ‘अखेर घरी परतले’ अशी ओळ. नऊ वर्षांपूर्वी आमचेही असेच एक छायाचित्र निघाले आणि पुढे कित्येक महिने ते आमच्या बैठकीच्या खोलीत लावलेले होते. आज ते हातात घेतले की माझी नजर आमच्या हसऱ्या चेहऱ्यांवर ठरत नाही, मधल्या आठ महिन्यांच्या मुलीच्या डोळ्यांकडे जाते. ते डोळे उघडे आहेत, पण कोणाकडेच पाहत नाहीत. त्या डोळ्यांविषयी लिहावे, असे फार दिवसांपासून मनात होते.

‘परतणे’ हा शब्द आपण सहज वापरतो. परतलो होतो आम्ही दोघे. आमच्या मुलीने ते घर, ती भाषा, ते हवामान, एवढेच काय, तिला घेऊन निघालेली ही दोन माणसेही दहा दिवसांपूर्वीपर्यंत कधी पाहिली नव्हती. तिच्या दृष्टीने तिला तिच्या घरातून उचलून नेले जात होते. हे तेव्हा आम्हाला कळत नव्हते असे नाही. दत्तकपूर्व समुपदेशनात ते सांगितले गेले होते आणि आम्ही ते वहीत टिपूनही घेतले होते. मात्र कागदपत्रे, मुद्रांकित प्रती, वैद्यकीय तपासणी आणि विमानाच्या वेळा यांच्या धावपळीत ती वही पिशवीच्या तळाशी गेली.

ज्या बाईंनी तिला जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून सांभाळले होते, त्यांच्याकडून तिला आमच्याकडे सोपवण्याचा कार्यक्रम जेमतेम चाळीस मिनिटांत उरकला. त्यांनी दुधाची बाटली, दोन झबली आणि तिचे नेहमीचे दुपटे माझ्या हाती दिले. दुभाष्यामार्फत त्या काहीतरी बराच वेळ सांगत होत्या, त्यातले दुभाष्याने दोन वाक्यांत आम्हाला सांगितले. ती डाव्या कुशीवर झोपते, आणि झोपवताना तिच्या पाठीवर थोपटू नका, कपाळावरून अंगठा फिरवा. उरलेले काय होते, हे मला आजतागायत कळलेले नाही. त्या गेल्यावर मुलगी दाराकडे पाहत सुमारे तासभर रडली आणि मग एकाएकी शांत झाली.

प्रवासात ती रडलीच नाही. दोन विमाने, मध्ये सहा तासांचा थांबा, एकूण एकोणीस तासांचा तो प्रवास होता. आजूबाजूच्या प्रवाशांनी तिचे फार कौतुक केले. ‘किती शहाणे बाळ आहे’ हे वाक्य आम्ही निदान दहा जणांकडून ऐकले आणि आम्हालाही अभिमान वाटला. ती बाटली तोंडात दिली की दूध प्यायची, खाली ठेवली की झोपायची, उचलली की अंग सैल सोडून द्यायची. घरी आल्यावर बालरोगतज्ज्ञांना आम्ही हे कौतुकाने सांगू लागलो, तेव्हा त्यांनी आम्हाला मध्येच थांबवले. आठ महिन्यांचे बाळ अनोळखी माणसाला बिचकते, ओळखीच्या माणसासाठी आकांत करते. या वयात तेच निरोगीपणाचे लक्षण असते. जे बाळ सगळे हरवूनही रडत नाही, ते शहाणे झालेले नसते. ते आतल्या आत मिटून गेलेले असते. रडून उपयोग होत नाही, हे त्याला एका तासात कळलेले असते. मग पुढचे अकरा दिवस, विशेषतः रात्री, ती जे रडली, त्याला डॉक्टरांनी सुधारणा म्हटले आणि ते बरोबरच होते.

बाळाला एवढ्या लहानपणी काय समजते, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. नुकत्याच जन्मलेल्या अर्भकालाही आईचा वास ओळखता येतो आणि गर्भात ऐकलेल्या भाषेचा ठेका दुसऱ्या भाषेहून वेगळा काढता येतो, हे संशोधनाने दाखवलेले आहे. कॅनडात झालेला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. चीनमध्ये जन्मलेल्या, सुमारे एक वर्षाच्या असताना फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबांत दत्तक गेलेल्या आणि चिनी भाषेचा एकही शब्द न आठवणाऱ्या मुलींना त्या भाषेतले, शब्दाचा अर्थ बदलणारे उच्चारातले चढ-उतार ऐकवले गेले, तेव्हा त्यांच्या मेंदूने, लहानपणापासून चिनी बोलणाऱ्या मुलींच्या मेंदूसारखाच प्रतिसाद दिला. म्हणजे मुलीला काही आठवत नसले, तरी तिच्यातून काही पुसले गेलेले नसते. हे वाचल्यापासून मी ‘लहान आहे, विसरून जाईल’ हे वाक्य कोणाला बोलू देत नाही.

दत्तक बाळाचा प्रवास ही आईबाबांची खासगी बाब आहे, असाही एक समज आहे, पण तो बरोबर नाही. आंतरदेशीय दत्तकविधानाविषयीचा हेग करार 29 मे 1993 रोजी झाला, 1 मे 1995 पासून तो अमलात आला आणि आज शंभराहून अधिक देश त्यात सामील आहेत. त्याच्या एकोणिसाव्या कलमात, बाळाचे एका देशातून दुसऱ्या देशात जाणे सुरक्षित आणि योग्य परिस्थितीत व्हावे आणि शक्य असेल तेथे ते दत्तक आईबाबांच्या सोबतीने व्हावे, ही जबाबदारी दोन्ही देशांच्या मध्यवर्ती यंत्रणांवर टाकलेली आहे. ही सोबतीची अट वाचताना साधी वाटते. दक्षिण कोरियातून मात्र कित्येक दशके हजारो बाळे सोबतीला दिलेल्या त्रयस्थ व्यक्तींबरोबर विमानाने पाठवली जात आणि आईबाबा त्यांना प्रथम पाहत ते थेट विमानतळावर. विमानतळावरच्या स्वागताचे चित्र आपल्या मनात एवढे घट्ट बसले आहे, त्याचे मूळ बहुधा त्या काळात असावे. आता बहुतेक ठिकाणी आईबाबांना स्वतः जावे लागते, ही फार चांगली गोष्ट झाली आहे. पण ‘सुरक्षित’ या शब्दाकडे यंत्रणा जेवढे लक्ष देतात, तेवढे ‘योग्य’ या शब्दाकडे देत नाहीत, अशी माझी तक्रार आहे. ज्या हातांनी बाळाला वाढवले, त्या हातांतून ते नव्या हातांत चाळीस मिनिटांत जाणे, याला योग्य परिस्थिती म्हणता येणार नाही. काही दिवस दोन्ही माणसे एकत्र असावीत, सांभाळणाऱ्या बाईंच्या मांडीवरून बाळाने नव्या आईकडे पाहावे, तिच्या हातून एकदोनदा दूध प्यावे, झोपताना दोन्ही आवाज कानावर पडावेत आणि त्यानंतरच विमानाची वेळ ठरवावी. यासाठी लागणारा खर्च आणि रजा दत्तक घेणाऱ्यांनी आधीच हिशेबात धरली पाहिजे आणि संस्थांनी तो आग्रहाने धरायला लावला पाहिजे.

कागदपत्रांविषयीही थोडे लिहिणे भाग आहे, कारण त्यातल्या एका चुकीची किंमत आमच्या मुलीला मोजावी लागली. तिच्या पारपत्रावर जन्माचे नाव होते, तर दत्तक आदेशात आमचे आडनाव लावलेले नवे नाव. मधल्या थांब्याच्या विमानतळावर अधिकाऱ्याला ही दोन नावे जुळेनात, आणि कराराच्या तेविसाव्या कलमाखालचे प्रमाणपत्र, ज्यामुळे एका सदस्य देशात झालेले दत्तकविधान इतर सदस्य देशांत कायद्याने आपोआप मान्य होते, त्यांनी पूर्वी पाहिलेले नव्हते. त्यांची वागणूक सभ्य होती. तरीही तास-दीड तास आम्ही प्रखर दिव्यांखाली बाकावर बसून होतो आणि सगळे मूळ कागद मोठ्या सामानाबरोबर विमानाच्या पोटात गेलेले होते. न्यायालयाचा आदेश, प्रमाणपत्र, बाळाचे पारपत्र आणि व्हिसा, वैद्यकीय अहवाल यांच्या मूळ प्रती व भाषांतरे हातातल्या पिशवीतच ठेवावीत, आणि थांबा असलेल्या देशात बाळाच्या पारपत्राला वेगळा व्हिसा लागतो का, हे स्वतः विचारून घ्यावे. आईबाबांना तो लागत नाही म्हणून बाळालाही लागत नाही, असे समजू नये, कारण बाळाचे राष्ट्रीयत्व त्या वेळी बहुधा वेगळे असते. यंत्रणांकडून मात्र माझी एवढीच अपेक्षा आहे की त्या प्रमाणपत्राचा नमुना इमिग्रेशनच्या प्रत्येक खिडकीवर ओळखीचा असावा.

विमानातल्या गोष्टी कोणत्याही बाळाला सारख्याच लागू होतात, तरी दत्तक बाळाच्या बाबतीत त्यांचा अर्थ थोडा बदलतो. उड्डाणात विमानातील हवेचा दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवरच्या दाबाएवढा ठेवलेला असतो. विमान खाली उतरू लागले की दाब वाढतो आणि बाळाचे कान दुखतात, म्हणून त्या वेळी त्याला काहीतरी चोखायला आणि गिळायला द्यावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. आमच्यासारख्या आईला मात्र अंगावरचे दूध पाजण्याचा पर्याय नसतो. पावडरचे दूध किमान 70 अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात कालवावे, पाजण्यापूर्वी ते निववावे आणि तयार केल्यापासून दोन तासांत वापरावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस विमानात पाळायची तर आधी उतरण्याची वेळ विचारून ठेवावी लागते. दूध तेच हवे, निपलही तेच हवे, जे बाळाने आतापर्यंत तोंडात धरले आहे. घरी पोहोचल्यावर अधिक चांगले दूध सुरू करू, हा विचार योग्य असला तरी तो काही आठवडे पुढे ढकलावा. त्या दिवसांत बाळाकडे ओळखीची एवढीच चव उरलेली असते.

बॅसिनेट, म्हणजे विमानात आसनासमोर लावून मिळणारा बाळाचा छोटा पाळणा, याविषयी मी वेगळ्या मताची आहे. आम्ही ते आधी नोंदवले होते, प्रत्यक्षात ती जागा दुसऱ्यांना दिली गेली होती आणि त्याबद्दल मी काउंटरवर बराच वाद घालत बसले. नंतर वाटले, की ते मिळाले नाही हे बरे झाले. तिला झोपवून हात मोकळे करण्यापेक्षा ती छातीशी असणे जास्त गरजेचे होते. त्याबरोबर हेही खरे, की उड्डाण, उतरणे आणि हवेतले धक्के या वेळी मांडीवरचे बाळ सर्वांत सुरक्षित नसते. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत सू सिटी येथे झालेल्या विमान अपघातात चार लहान बाळे स्वतंत्र आसनाविना होती, त्यातले एक दगावले. तेव्हापासून बाळांसाठी वेगळे आसन सक्तीचे करावे, अशी मागणी होत आली आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी बाळासाठी तिकीट काढून पट्ट्याची खुर्ची न्यावी, धोक्याच्या वेळी बाळाला त्या खुर्चीत बसवून हात त्याच्या पोटावर ठेवावा आणि उरलेला वेळ त्याला उराशी घ्यावे, असे मी सांगेन.

आमची सर्वांत मोठी चूक घरी पोहोचल्यावर झाली आणि ती माझ्या हातून झाली. प्रवासात ते दुपटे मळले होते, त्यावर दूध सांडले होते. पहिल्याच सकाळी मी ते गरम पाण्यात घालून स्वच्छ धुतले. दुपारी ते तिच्याजवळ ठेवले, तेव्हा तिने ते नाकाशी नेले, थोडा वेळ तसेच धरले आणि बाजूला टाकले. पुन्हा तिने त्याला कधी हात लावला नाही. त्यातला वास मी घालवला होता आणि तो परत आणण्याचा कोणताही मार्ग नव्हता. ज्यांचा प्रवास अजून व्हायचा आहे, त्यांनी या पत्रातले दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, दुपटे धुऊ नये.

नातेवाइकांना माझी विनंती आहे की त्यांनी विमानतळावर येऊ नये. एकाने गाडी घेऊन यावे, सामान उचलावे आणि बाळाला हात न लावता सर्वांना घरी सोडावे. पुढचे काही आठवडे बाळाला दूध पाजणे, झोपवणे, कडेवर घेणे हे फक्त आईबाबांनीच करावे आणि इतरांनी घरातले बाकीचे सगळे करावे. हे ऐकून माझ्या सासूबाई तेव्हा दुखावल्या होत्या, कारण नातीला मांडीवर घेण्यासाठी त्यांनी चार वर्षे वाट पाहिली होती. तरीही तीन आठवडे त्या शेजारच्या खोलीत बसून आमच्यासाठी कपडे वाळवत आणि बाटल्या उकळत राहिल्या. मुलगी आपणहून रांगत त्यांच्याकडे गेली, त्या दिवशी त्या मला काही न बोलता रडल्या.

राहता राहिले छायाचित्र. ते जरूर काढावे, पण आपल्या विमानतळावर नव्हे. निघण्यापूर्वी तिकडे काढावे. बाळाला सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या कडेवर असतानाचे, चेहरा स्पष्ट दिसेल असे, त्यांची परवानगी घेऊन आणि जमल्यास त्यांचा आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवावा. त्या बाई जे बोलत होत्या, त्याचे चांगले भाषांतर आज कोणाकडूनही करून घेता आले असते. आमची मुलगी आता दहा वर्षांची होईल. गेल्या वर्षी तिने विचारले, की मला आधी सांभाळणाऱ्या बाई कशा दिसत होत्या. आमच्याकडे त्या दिवसाचे एकच छायाचित्र आहे. त्यात मी आहे, माझ्या हातात ती आहे, आणि कडेला, चौकटीच्या बाहेरून आत आलेला, दुपट्याचे टोक सारखे करणारा एक हात आहे. ते छायाचित्र तिने मागून घेतले आणि आता ते तिच्या टेबलावर असते.

आपली विश्वासू,
एक दत्तक आई