विसर्जनाचं लाइव्ह आणि लोकलमधला पेपर

संपादक महोदय,

गणपती जवळ आलेत आणि मंडळाच्या ग्रुपवर विसर्जनाचं लाइव्ह कुठून दाखवायचं ही चर्चा परत सुरू झालीय, म्हणून हे पत्र. आमची चाळ गिरगावात, पण निम्मी बिऱ्हाडं कधीच डोंबिवली-विरारला गेली, काही पोरं परदेशात आहेत, आणि त्या सगळ्यांसाठी आपला बाप्पा चौपाटीवर पाण्यात जाताना फोनवर दिसणं हीच वर्षाची भेट. मागच्या वर्षी एका फुकटच्या व्हिडिओ साइटवर लाइव्ह लावलं तर बँडवाल्यांनी वाजवलेल्या गाण्याच्या कॉपीराइटवरून ते ऐन मिरवणुकीत बंद पडलं. त्याआधीच्या वर्षी भाड्याचा सर्व्हर घेतला होता, शंभरेक माणसं जोडली गेली आणि मग सगळ्यांकडे ते गोल गोल चक्र. डोंबिवलीहून एका आजींचा फोन आला, आरती दिसलीच नाही रे. ते मला अजून लागतं.

हिशोब बघा. बऱ्यापैकी चित्राला सेकंदाला 2 मेगाबिट लागतात, आमची लाइन 200 ची, म्हणजे शंभर माणसांत भरली. 500 जण आले तर सेकंदाला 1 गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिट, तासाला 450 जीबी, आणि मिरवणूक काय तासाभरात चौपाटीला पोचत नाही. मोठ्या कंपन्या ठिकठिकाणी सर्व्हर ठेवतात आणि बघणाऱ्याला जवळच्या सर्व्हरवरून व्हिडिओ देतात, याला सीडीएन म्हणतात. 2023 च्या वर्ल्डकप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी 5.9 कोटी लोक होते, एवढी गर्दी एकट्या सर्व्हरला झेपणारच नाही. पण सीडीएनचं बिल बहुतेक जीबीवर येतं, ते वर्गणीतून कसं भरायचं?

यावर एक मधला रस्ता आहे. पूर्वी लोकलमध्ये पेपर कसा वाचायचो आठवा, एकाने स्टॉलवरून घ्यायचा, मग पानं सुटी होऊन अख्ख्या डब्यात फिरायची, खेळाचं पान एकाकडे, अग्रलेख दुसऱ्याकडे. लाइव्ह व्हिडिओचेही असेच काही सेकंदांचे तुकडे असतात. थोड्या लोकांना ते सर्व्हरवरून मिळतात, बाकीचे एकमेकांकडून घेतात, याला पीअर टू पीअर म्हणतात. पेपरचं पान हातात असलेला मधेच कुर्ल्याला उतरला तर? नुसत्या शेअरिंगची अडचण हीच होती, कोणी कधीही बघणं बंद करतं. म्हणून दोन्ही एकत्र करायचं, शेजाऱ्याकडून तुकडा वेळेत आला नाही की प्लेअर गुपचूप सर्व्हरवरून घेतो आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. लाइव्हला हे जास्त चांगलं जमतं कारण सगळ्यांना त्याच मिनिटाला तोच तुकडा हवा असतो. आत्ता डोंबिवलीतल्या एकाच सोसायटीत चार घरं आमचं लाइव्ह बघतात आणि सर्व्हर चारदा तेच पाठवतो!

हे नुसतं कागदावरचं नाही. फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट या संस्थेचं पीअरट्यूब नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात 2021 पासून लाइव्हसुद्धा होतं, ब्राउझर आपसात तुकडे वाटतात, वेगळं ॲप लागत नाही.

पण माझं ठाम म्हणणं आहे की हे बघणाऱ्याला विचारूनच व्हावं. वाटायचं म्हणजे अपलोड, आणि मोबाइलवर ते त्याच्या डेटा पॅकमधून आणि बॅटरीतून जातं. शिवाय समोरच्याला आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा नंबर, कळू शकतो. मोबाइल नेटवर तर शेकडो गिऱ्हाईकं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असतात, त्यामुळे दोन फोन थेट जोडले जाणं पुष्कळदा होतच नाही. म्हणून शेअरिंग फक्त वाय-फायवर आणि तेही बटण दाबून हो म्हटलं तरच, मोबाइल डेटावाल्यांना सरळ सर्व्हरवरून द्या. अशा वाटपात चित्र थोडं उशिरा दिसेल, क्रिकेटला ते खटकतं कारण शेजारी आधीच ओरडतो, विसर्जनाला चालतं.

छोट्या मंडळांनी एकेकट्याने हे करण्यापेक्षा गणेशोत्सव समन्वय समितीने सगळ्यांसाठी मिळून एक सर्व्हर घ्यावा अशी विनंती आहे. आम्ही पहिल्या दिवसाच्या आरतीला चाचणी घेणार आहोत, आणि त्या आजींच्या घरचं वाय-फाय मी स्वतः जाऊन जोडून येणार आहे.

आपला,
गिरगावातल्या एका मंडळाचा कार्यकर्ता