ड्रॅक्युला म्हणजे सैतानाचा मुलगा?

संपादक महोदय,

'ड्रॅक्युला'चा अर्थ 'सैतानपुत्र' असा सर्रास छापला जातो. तो अर्धाच आहे. लॅटिन 'द्राको' म्हणजे महासर्प. त्यातून आलेले इटालियन 'द्रागो', कॅटलान 'द्राक' आजही ड्रॅगनच. रोमानियनमध्ये मात्र 'द्राक' म्हणजे सैतान! बायबलच्या 'प्रकटीकरण' या पुस्तकात ड्रॅगनलाच सैतान म्हटले आहे. अर्थ त्या वाटेने सरकला आणि ड्रॅगनसाठी तिथे 'बालाउर' हा वेगळा शब्द रुळला. 'द्राकुल'मधला 'उल' हे निश्चयवाचक उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारखे. आपल्या विभक्तिप्रत्ययासारखे ते नामाला मागून चिकटते, हे सहसा कोणी सांगतच नाही. 1431 मध्ये हंगेरीचा राजा सिगिस्मुंडने वालाकियाच्या (आजच्या रोमानियातला प्रदेश) राजघराण्यातील व्लाद दुसरा याला 'ड्रॅगन संघ' या सरदारांच्या संघटनेत घेतले, म्हणून तो 'द्राकुल'. त्याचा मुलगा व्लाद तिसरा, तो 'ड्रॅक्युला'. म्हणजे मुळात 'ड्रॅगनपुत्र'.

– एक वाचक, पुणे