शून्य की कोरा चौकोन?

न्यामे, नायजर
मार्चमधला सोमवार

प्रिय बंड्या,

‘एवढा डॉक्टर झालास आणि तिकडे नुसते आकडे मोजतोस?’ तुझं वाक्य वाचून चहा सांडला. हो लेका, मोजतोच.

डिसेंबरपासून इथे हरमॅटन सुटतो. सहारातला कोरडा वारा, दाताखाली धूळ करकरते. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात याच दिवसांत मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा आजार, उसळतो, पाऊस आला की ओसरतो. १९९६ च्या साथीत अडीच लाख माणसं आजारी पडली, पंचवीस हजार गेली.

आता जिल्ह्याजिल्ह्यातून दर आठवड्याला आकडे येतात. लाखामागे आठवड्यात ३ रुग्ण झाले की सावध व्हायचं, १० झाले की साथ. पण भागायचं कशाने? शिरगणती जुनी, आणि फुलानी गुराखी गुरं घेऊन आज इथे, उद्या सरहद्दीपलीकडे.

बरं, रुग्ण म्हणजे तरी कोण? ताप आणि ताठलेली मान पुरत नाही, पाठीतलं पाणी काढावं लागतं. ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ दिसलं की पोटात गोळा येतो. मागे एका केंद्रातल्या सिस्टरने नमुना जपून फ्रिजमध्ये ठेवला. हा जंतू थंडीत मरतो! कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहतात त्यात, काही उगवलं नाही. पीसीआर चाचणी जंतूचा डीएनए शोधते, तिला मेलेला जंतूही सापडतो, म्हणून तो रुग्ण मोजला तरी गेला.

तू रोज हडपसरवरून जातोस ना? तिथल्या सीरम इन्स्टिट्यूटची, या जंतूच्या फक्त ‘ए’ प्रकारावरची लस डिसेंबर २०१० मध्ये आधी बुर्किना फासोत टोचली, मग पट्टाभर. ‘ए’ प्रकार जवळजवळ नाहीसाच झाला. आमची छाती उगाच फुगली, आपण काय केलं होतं त्यात! पण २०१५ मध्ये इथे नायजरमध्येच ‘सी’ने साडेआठ हजार माणसं गाठली. प्रकार तपासत होते म्हणून कळलं, नाहीतर लसच कुचकामी म्हणून सगळे मोकळे झाले असते. आता पाच प्रकारांवरची लस आहे, तीही पुण्याचीच. २०२४ मध्ये नायजेरियाने सुरुवात केली.

माझं निम्मं भांडण मात्र शून्यावरून असतं. रुग्ण नसेल तर ‘०’ लिहून पाठवा म्हणून घसा कोरडा होतो. तक्त्यातला कोरा चौकोन पाहून वरचे साहेब खूश होतात, मला झोप लागत नाही: रुग्ण नाहीत, की कुणी मोजलंच नाही?

आत्ताही एका केंद्राचा चौकोन सलग तिसऱ्या आठवड्यात कोरा आहे. फोन लागत नाही. पहाटे गाडी काढतोय, सोबत सुया आणि नमुन्याच्या बाटल्या घेतल्यात.

काकूंना नमस्कार. मेतकूट संपलं, कुणी येणारं असेल तर धाड.

तुझा,
बाळ्या